शुगर असलेल्यांनी डोळ्यांत थेंब टाकताना



परळ-लालबागच्या चाळीत जा, गिरगावच्या जुन्या इमारतीत जा, नाहीतर आमच्या मदनपुऱ्यात या. फ्रीजच्या दारात डोळ्यांच्या थेंबांच्या एक-दोन बाटल्या हमखास सापडतात. त्या कोणाच्या, कधी आणल्या, कशासाठी आणल्या, हे घरात कोणालाच नक्की सांगता येत नाही. ‘डोळे लाल झाले की टाकायचे’ एवढेच सगळ्यांना ठाऊक असते. गोळी घेताना आपण दहा वेळा विचारतो, इंजेक्शनला घाबरतो. थेंबांना मात्र कोणी औषध मानतच नाही.

ज्यांना मधुमेह नाही त्यांचे यात बरेचदा निभावून जाते. पण आपल्या घरांत आता शुगर नसलेला माणूस शोधावा लागतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे 10 कोटींहून अधिक रुग्ण आहेत. मुंबई महापालिकेने 2021 मध्ये केलेल्या पाहणीत 18 ते 69 वयाच्या सुमारे 18 टक्के लोकांची उपाशीपोटीची साखर वाढलेली आढळली. म्हणजे पाच-सहा प्रौढांमागे एक. प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी आहेच. म्हणून या महिन्यात ही गोष्ट लिहायला घेतली.

मी डॉक्टर नाही, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. औषध कोणते घ्यावे हे मी सांगणार नाही. घरात आलेली बाटली नीट वाचावी कशी आणि वापरावी कशी, एवढेच सांगणार आहे.

शुगरचा डोळा तक्रार करत नाही

अनेक वर्षे शुगर असलेल्यांच्या पायाला खिळा लागला तरी कळत नाही, हे आपण ऐकलेले असते. तसेच डोळ्याचेही होते, हे मात्र फार कमी जणांना माहीत आहे. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. शरीरातल्या सगळ्यात नाजूक जाणिवेच्या जागांपैकी ती एक. धुळीचा कण गेला की आपण तडफडतो ते तिच्यामुळे. मधुमेहात तिथल्या नसा हळूहळू बोथट होतात. एप्रिल-मे महिन्यात लालबागच्या मसाला गल्लीतून मिरची कांडून आणताना सगळे डोळे चोळत असतात, आणि शुगरवाले एखादे काका म्हणतात, ‘मला काही होत नाही.’ त्यांना वाटते आपला डोळा दणकट. खरे तर डोळ्याची जाणीव कमी झालेली असू शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे जखम भरायला लागणारा वेळ. कॉर्नियावरचा ओरखडा निरोगी माणसात बहुधा एक-दोन दिवसांत भरतो. साखर वाढलेली असेल तर तो रेंगाळतो, आणि उघड्या जखमेत जंतू शिरायला वेळ मिळतो. तिसरी गोष्ट कोरडेपणाची. मधुमेहात डोळे कोरडे पडण्याचे प्रमाण जास्त असते. त्यात आपल्याकडे मेट्रोची कामे, नव्या टॉवरांची धूळ, दिवसभर पंखा. त्यामुळे हात वारंवार बाटलीकडे जातो.

या तिन्हींचा अर्थ एकच. दुसऱ्यांना दुखते म्हणून ते डॉक्टरकडे जातात. शुगरवाल्याला दुखत नाही म्हणून तो थेंबावर भागवतो. ‘थेंब टाकले, बरे वाटले’ ही आपल्यासाठी पुरेशी खात्री नाही, हे आधी मनात पक्के करा.

लाली घालवणारी बाटली

आमच्या शेजारच्या एका खालांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. ऑपरेशननंतर डॉक्टर जे थेंब देतात त्यात बरेचदा स्टिरॉइड असते. ते योग्यच असते, कारण आतली सूज उतरावी लागते. दिवसातून किती वेळा टाकायचे आणि दर आठवड्याला किती कमी करायचे, हे कागदावर लिहून दिलेले असते. तो क्रम शेवटपर्यंत पाळायचा, मध्येच आपल्या मनाने बंद करायचा नाही.

खालांनी तो क्रम व्यवस्थित पाळला. गडबड पुढे झाली. काही महिन्यांनी दुसरा डोळा लाल झाला, तेव्हा त्यांनी तेच नाव दाखवून दुकानातून नवी बाटली आणली. दोन दिवसांत लाली गेली. मग डोळा चुरचुरला की तीच बाटली, असे वर्षभर चालले. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून तपासायला गेल्या, तेव्हा डोळ्यातला दाब वाढलेला निघाला. काचबिंदूची सुरुवात झाली होती. काचबिंदूत डोळ्याच्या नसेचे जे नुकसान होते ते परत भरून येत नाही. जेवढी नजर उरली तेवढी सांभाळायची, एवढेच हातात राहते.

स्टिरॉइडचे थेंब आठवडेच्या आठवडे टाकले तर अनेकांच्या डोळ्यातला दाब वाढतो, आणि मधुमेह असलेल्यांत ही शक्यता अधिक असते. दाब वाढताना दुखत नाही, लाल होत नाही, दिसतेही नीट. उलट त्या थेंबांनी डोळा छान पांढरा दिसतो. शिवाय लाली जंतूंमुळे किंवा बुरशीमुळे असेल, तर स्टिरॉइड वरची सूज दाबते आणि आत संसर्ग पसरू देते.

2023 च्या जुलैमध्ये आळंदी परिसरात हजारो लोकांचे डोळे आले आणि पुढे साथ राज्यभर पसरली, मुंबईतही आली. अशी साथ बहुधा विषाणूंची असते. ती स्वच्छता आणि थंड पाण्याच्या पट्ट्यांवर आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. अशा दिवसांत एकाची बाटली साऱ्या घराला वापरली जाते. शुगर असलेल्या माणसाने अशा वेळी घरच्यांची बाटली घेऊ नये आणि स्वतःची देऊ नये.

बाटली वाचायला शिका

आठवीच्या वर्गाला मी एकदा गृहपाठ दिला होता. घरातल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांच्या बाटलीवरचे लिहिलेले वहीत उतरवून आणा. मुलांनी आणलेल्या वह्या पाहून मला धक्का बसला. एका घरात मुदत संपून दोन वर्षे झालेली बाटली वापरात होती. एका घरात सासू, सून आणि नातू यांची बाटली एकच. एका मुलाने उतरवून आणलेले नाव कानाच्या थेंबांचे होते. लेबल इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढे, आणि वाचणाऱ्याची नजर आधीच अधू. दोष कोणाला द्यायचा?

म्हणून घरातल्या वाचत्या मुलाला या कामाला लावा. बाटलीवर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचे खरे नाव असते. ते शोधायचे.

डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुरोमेथोलोन यांपैकी काही दिसले तर ते स्टिरॉइड आहे. बरेचदा ते जंतुनाशकासोबत एकाच बाटलीत असते. ते डॉक्टरांनी याच वेळच्या त्रासासाठी दिलेले असेल तरच टाकायचे. मॉक्सिफ्लॉक्सासिन, टोब्रामायसिन ही जंतुनाशके. ती सांगितलेले दिवस टाकायची, उरलेली जपून ठेवायची नाहीत. नॅफॅझोलिन असलेले थेंब डोळ्यातल्या रक्तवाहिन्या आकसून लाली घालवतात. रोज टाकले तर त्यांचा असर उतरल्यावर लाली आणखी वाढते, आणि मधुमेह किंवा ब्लडप्रेशर असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच वापरायचे असतात. कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोजसारखे थेंब म्हणजे डोळ्याला ओलावा देणारे कृत्रिम अश्रू. हे त्यातल्या त्यात साधे. पण त्यांतही बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे टिकवण्याचे द्रव्य असू शकते, आणि ते दिवसातून अनेकदा डोळ्यात गेले तर वरचा थर दुखावतो. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील, तर हे द्रव्य नसलेले थेंब मिळतात का, हे डॉक्टरांना विचारा.

लेबलाच्या कडेला लाल उभी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाही असा कायदा आहे. दुकानदार देतो म्हणून ते साधे होत नाही.

मग बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवा आणि मराठीत किंवा उर्दूत, ज्याला जे वाचता येते त्या लिपीत, ठळक लिहा: कोणाची, कोणता डोळा, कशासाठी, कोणत्या तारखेला उघडली, कधी बंद करायची. उघडलेली बाटली साधारणपणे चार आठवड्यांनी टाकून द्यायची, मग आत अर्धी शिल्लक असली तरी. छापलेली मुदत न उघडलेल्या बाटलीची असते. दोन बाटल्या दिसायला सारख्या असतील तर एकीला रबरबँड गुंडाळा.

थेंब टाकण्याची रीत

आधी साबणाने हात धुवा. नवी बाटली उघडताना सेफ्टीपिनने किंवा सुईने भोक पाडू नका. त्यातून जंतू आत जातात आणि भोक मोठे होऊन एकदम तीन-चार थेंब पडतात. अनेक बाटल्यांच्या झाकणात आतून टोक असते, झाकण घट्ट फिरवले की आपोआप भोक पडते. डोके मागे, खालची पापणी बोटाने हलकेच ओढून खळगा करा आणि त्यात एकच थेंब. बाटलीचे टोक पापणीला, केसांना, बोटाला लागू देऊ नका. बाटलीतला एक थेंब डोळ्यात मावतो त्यापेक्षा मोठाच असतो, दुसरा गालावरच येतो.

शुगरमुळे बोटे बधिर असतील, हात थरथरत असेल तर आडवे व्हा. डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर थेंब पाडा आणि मग डोळा उघडा, थेंब आत जातो. यात मात्र पापणी आधी स्वच्छ धुतलेली हवी. किंवा सरळ सुनेला, मुलाला हाक मारा. त्यात लाज कसली?

थेंब पडल्यावर डोळा शांत मिटा, पापण्या फडफडवू नका, आणि नाकाच्या मुळाशी डोळ्याचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरा. ही दोन मिनिटे फार महत्त्वाची आहेत. डोळ्यातून नाकात एक बारीक नळी जाते, म्हणून तर कधीकधी थेंबाची कडू चव घशाला लागते. त्या वाटेने औषध रक्तात जाते. काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉल घ्या. ते रक्तात गेले तर दमेकऱ्याला धाप लागू शकते. आणि इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर अचानक उतरली, तर छातीत धडधड, हातांना कंप या इशाऱ्याच्या खुणा ते दाबू शकते. घाम मात्र येतो, त्याकडे लक्ष ठेवा. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना शुगरची गोळी सांगा आणि शुगरच्या डॉक्टरांना डोळ्यांचे थेंब सांगा. दोन्ही कागद एकाच पिशवीत ठेवा.

दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्या. मलम असेल तर सगळ्यात शेवटी.

स्वच्छतेवर इतका भर का, ते एका घटनेवरून कळेल. चेन्नईजवळच्या एका कारखान्यात बनलेल्या कृत्रिम अश्रूंमध्ये जंतू असल्याने 2023 मध्ये अमेरिकेत मोठा संसर्ग झाला. 80 हून अधिक रुग्ण, त्यांतल्या 14 जणांची नजर गेली, काहींचा डोळा काढावा लागला, चौघांचा मृत्यू झाला. कारखान्यातली चूक आपण रोखू शकत नाही. सीलबंद बाटली चांगली निघाली तर ती आपल्या हाताने खराब होऊ नये, एवढे मात्र करू शकतो.

रोजा आणि थेंब

रमजानमध्ये एक गोष्ट दरवर्षी घडते. काचबिंदूचे रुग्ण महिनाभर दिवसाचे थेंब बंद करतात, रोजा तुटेल या भीतीने. काचबिंदूचा थेंब म्हणजे दाबावर ठेवलेला हात. तो हात महिनाभर काढला तर दाब गुपचूप वाढतो.

हनफी आणि शाफई, दोन्ही फिकहांत डोळ्यात औषध टाकल्याने रोजा तुटत नाही, असेच मत आहे. मुंबईत आपले कोकणी बांधव बहुतेक शाफई, इतर बरेचसे हनफी, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांचा प्रश्न इथेच सुटतो. 1997 मध्ये जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीनेही थेंबांनी रोजा तुटत नाही असे सांगितले; घशात उतरलेले गिळू नये, एवढी अट घातली. कोपरा दाबून धरला तर ते घशात सहसा येतच नाही. तरीही मनात शंका असेल तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारा, पण विचारण्याआधीच औषध बंद करू नका.

दिवसातून दोनदाचे थेंब असतील तर सेहरी आणि इफ्तार यांत जवळपास बारा-तेरा तासांचे अंतर पडते. डॉक्टरांना विचारून तशी वेळ बांधून घ्या. एरवीही फजर आणि मगरिब धरली तर वेळ चुकत नाही. एक काळजी घ्या: आधी वुजू, मग थेंब. थेंब टाकून लगेच तोंडावर पाणी मारले तर औषध वाहून जाते.

सुरम्याबद्दलही बोलायला हवे. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ सुरम्यांत शिसे सापडले आहे. जुन्या ग्रंथांतल्या इस्मिदचे नाव डबीवर छापले म्हणून आत तोच असतो असे नाही. शिवाय एकच सलाई सगळ्यांच्या डोळ्यांतून फिरते. शुगर असलेल्या, ऑपरेशन झालेल्या किंवा थेंब चालू असलेल्या डोळ्यात सुरमा, गुलाबजल, मध यांपैकी काहीही घालू नका.

जे थेंबांनी होत नाही

सप्टेंबर 2024 मध्ये मुंबईच्या एका कंपनीच्या ‘प्रेसव्हू’ नावाच्या थेंबांची बातमी सगळीकडे फिरली. वाचायचा चष्मा सुटणार, अशी ती बातमी. चाळिशी ओलांडलेले सगळे खूश. थोड्याच दिवसांत केंद्रीय औषध नियंत्रकांनी परवानगी स्थगित केली, कारण मंजुरीपलीकडचे दावे केले जात होते. आपण बातमीवर विश्वास ठेवायला किती उतावीळ असतो, ते यातून दिसते.

मधुमेहात नजर जाते ती प्रामुख्याने डोळ्याच्या मागच्या पडद्यामुळे. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, फुटतात. याला डायबेटिक रेटिनोपथी म्हणतात. बाजारात मिळणारा कोणताही थेंब हा आजार बरा करत नाही. त्यासाठी साखर आणि ब्लडप्रेशर ताब्यात ठेवणे, आणि गरज पडली तर लेसर किंवा डोळ्यातले इंजेक्शन. सुरुवातीला काहीच जाणवत नाही, म्हणून मधुमेह कळल्याबरोबर आणि नंतर दरवर्षी पडद्याची तपासणी करायची, दिसत चांगले असले तरी. त्या तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात. काही तास धूसर दिसते, उजेड सहन होत नाही. त्या दिवशी स्कूटर नेऊ नका, सोबत कोणाला तरी न्या, गॉगल घ्या.

साखर वर-खाली होत असेल तर चष्म्याचा नंबरही हलतो. साखर काही आठवडे स्थिर झाल्याशिवाय नवा चष्मा करू नका, पैसे वाया जातात.

आपल्या भागात सोयी आहेत. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, भायखळ्याचे जेजे, सगळीकडे नेत्रविभाग आहे. परळलाच हाजी बचूअली यांच्या नावाचे डोळ्यांचे रुग्णालय आहे. रांग असते, सकाळ जाते. जाऊ द्या. डोळा लाल होऊन नजर कमी झाली, उजेड सोसेना, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके किंवा पडदा आला, तर त्याच दिवशी जा. दुखत नसले तरी जा.

आज जेवण झाल्यावर फ्रीजचे दार उघडा. कोणाची, कशासाठी, कधी उघडली, यांपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही तर ती बाटली टाकून द्या. आणि डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितलेली बाटली संपत आली असेल तर ती उद्याच आणा, एकही दिवस खंड पडू देऊ नका. अल्लाह आपल्या सगळ्यांची नजर सलामत ठेवो.